पारव्वाच्या डोक्याचं माप

रुद्रप्पाला टॉवेलाशिवाय दुसरं काही शिवता येत नव्हतं आणि त्याला त्याचं दुःखही नव्हतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलांचे काठ शिवण्यात त्याची उमर गेली होती. मागावरून उतरलेलं कापड कापून पुढ्यात यायचं. काठ दुमडायचा, टीप मारायची, कोपऱ्यावर उलट टीप, दोरा तोडायचा, पुढचा टॉवेल घ्यायचा. माझी टीप बघून लोक आपली पट्टी सरळ आहे का ते तपासतात, असं तो सांगायचा. सांगणारा तो एकटाच होता, ही गोष्ट वेगळी.

त्याची बायको पार्वतम्मा. तिला सगळे पारव्वा म्हणत. पारव्वाचे केस हा एकेकाळी गल्लीतल्या चर्चेचा विषय होता. न्हाऊन बाजेवर बसली की केसांची टोकं जमिनीला टेकायची आणि समोरच्या बायका आपापल्या पोरींना ओढून आणून दाखवायच्या. बघून बघून दृष्ट लावली मेल्यांनी, असं पारव्वा पुढं म्हणायला लागली. दृष्ट असो की आणखी काही, तिला चाई लागली. आधी कानामागं रुपयाएवढी चकती, मग टाळूवर, मग बघता बघता सगळं डोकंच. डॉक्टरांचं मलम झालं. गल्लीनं सुचवलेला कांद्याचा रस झाला, तेव्हा तर घरात पाऊल टाकलं की भजीच्या गाड्यावर आल्यासारखं वाटायचं. जास्वंद झाली, माका झाला. जिवाला काही धोका नाही, एवढं डॉक्टर सांगत राहिले. केस मात्र आले नाहीत.

पारव्वानं मग जुन्या धोतराचं मऊ फडकं डोक्याला घट्ट बांधलं आणि त्यावरून पदर घेतला. पदर तिच्या डोक्यावर पहिल्यापासूनच असायचा, त्यामुळं बाहेर कुणाला काही कळलं नाही. पण घरातही ते फडकं सुटेना. नवऱ्यासमोर तर मुळीच नाही. "बघू तरी दे की," असं रुद्रप्पा एकदोनदा म्हणाला. "बघण्यासारखं काय ऱ्हायलंय त्यात?" म्हणत ती पाठ फिरवून भाकरी थापायला बसली. एवढे सुंदर केस गेले, बाईला लाज वाटणारच, असं त्यानं आपलं आपणच ठरवलं आणि विषय सोडून दिला. नवरे असंच ठरवतात. विचारत बसण्यापेक्षा ते सोपं असतं.

आणि मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, अपेक्षाचं, लग्न ठरलं.

मुलगा शिवराज, अक्कलकोटकडचा. माणसं साधी, बोलायला मोकळी. शिवराजची आई सुंदरम्मा तर इतकी मोकळी की पहिल्याच भेटीत तिनं पारव्वाच्या शेंगाचटणीची कृती विचारून घेतली आणि दुसऱ्या भेटीत त्यात लसूण कमी पडतो असं सांगितलं. तिसऱ्या भेटीत लग्नातल्या मानपानाची बोलणी निघाली, तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "आमाला काय द्यायचं घ्यायचं न्हाय बघा. फकस्त एक हौस हाय माजी. आमच्यात विहिणीनं विहिणीचं डोस्कं सजवायचं असतंय. मांडवात समद्यांम्होरं तुमचा पदर मी मागं सारणार, भांगात कुंकू भरणार, अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी माळणार. माज्या सासूनं माज्या आईला माळली हुती. आई मरंस्तोवर सांगत हुती."

पारव्वा हसली आणि चहा करायला आत गेली. तो चहा काही केल्या बाहेर येईना. शेवटी अपेक्षानंच आत जाऊन आणला.

पाहुणे गेल्यावर पारव्वा म्हणाली, "मी लग्नाला येत न्हाय. मला ताप आला म्हणून सांगा."

"अगं, लग्न पुढल्या महिन्यात हाय. ताप आत्ताच ठरवून ठेवलास व्हय?" रुद्रप्पा म्हणाला. पण ती थट्टेवर येण्यातली नव्हती.

"अव्वा, त्यांना सांगून टाकू की," अपेक्षा म्हणाली. "चाई लागणं काय पाप हाय का? चांगली माणसं हाईत ती."

"चांगली हाईत म्हणूनच. तू त्या घरात पाऊल टाकायच्या आधी तुजी आई भुंडी म्हणून नाव व्हायला नको. येत न्हाय म्हटलं न्हवं? येत न्हाय."

रुद्रप्पाला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. एकुलती एक पोर. तिच्या डोक्यावर अक्षता पडताना तिची आई घरात खोटा ताप घेऊन पडलेली असणार, ही कल्पनाच त्याला सहन होईना.

उपाय अपेक्षानं शोधला. ती एका खासगी लॅबमध्ये कामाला होती आणि जेवणाच्या सुट्टीत तिचा मोबाईल तिला जगातल्या सगळ्या विद्या शिकवायचा. तिनं बापाला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक काळीसावळी बाई, तोंडानं अखंड बडबड चाललेली, आणि हातानं घरच्या घरी केसांचा टोप शिवत होती. जाळीची एक टोपी. तिच्यावर केसांच्या लांब पट्ट्या ओळीनं शिवायच्या. आणि पुढं, कपाळाच्या वर, तळहाताएवढा एक नाजूक जाळीचा तुकडा बसवायचा. त्यात एकेक केस गाठ मारून असा ओवलेला असतो की भांग पाडला तर खालून कातडीच दिसते. त्या तुकड्याला लेस क्लोजर म्हणतात, असं अपेक्षानं सांगितलं.

"म्हंजे भांगात कुंकू भरता येतंय?" रुद्रप्पानं विचारलं.

"येतंय की. म्हणून तर हे. नुसतं गंगावन लावून भागणार न्हाय, अप्पा. भांग पाहिजे."

तयार टोप दुकानात मिळत होता, पण तिथला माणूस रुद्रप्पाच्या देखतच डोक्यावर बसवून देणार म्हटल्यावर पारव्वानं साफ नकार दिला. मग रुद्रप्पा छाती काढून म्हणाला, "शिलाईच हाय न्हवं? मी शिवतो." आयुष्यात त्यानं गोल असं काही शिवलं नव्हतं. टॉवेलाला चार कोपरे असतात, डोक्याला एकही नसतो, हे त्याच्या ध्यानात पुढं आलं.

सामान कुरिअरनं आलं. पट्ट्यांमधले लांब काळे केस बघून पारव्वा आधी मागंच सरकली. "कुण्या बाईचं हाईत कुणास ठाऊक."

"देवाला वाहिलेले असतात म्हणं," रुद्रप्पानं ठोकून दिलं.

"देवाचं मी डोस्क्यावर घिऊ?"

"मग परसादच की तो. परसाद डोस्क्यालाच लावत्यात."

हे मात्र तिला पटलं. तिनं केस शिकेकाईनं धुतले, सावलीत वाळवले आणि देवापुढं ठेवून विभूती लावली. रुद्रप्पानं माप मागितलं, तर टेप घेऊन ती आत गेली, दार लावून घेतलं आणि आतूनच आकडे सांगितले. डोक्याभोवतीचा एक, कानापासून कानापर्यंतचा एक, कपाळापासून मानेपर्यंतचा एक. त्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूनं लिहून ठेवले आणि सुट्टीच्या दिवशी मशीन उघडलं.

पहिला दिवस निव्वळ फजितीचा गेला. टॉवेलाची जाड सुई जाळीत घुसली आणि जाळी फाटली. बारीक सुई घातली, तर केस दातऱ्यात अडकले आणि मशीन गुरगुरून थांबलं. टोपी कशावर तरी चढवल्याशिवाय गोलाई येईना, म्हणून त्यानं तांब्यावर कारखान्यातले रिजेक्ट टॉवेल गुंडाळून पारव्वाच्या मापाचं डोकं तयार केलं आणि ओट्यावर ठेवलं. दूधवाला ते बघून दचकला. पहिली पट्टी त्यानं कपाळापासून शिवायला घेतली, तर तिचे केस पुढच्या प्रत्येक टाक्यावर पडायला लागले. अपेक्षा येऊन बघते तर बाप तोंडात केस धरून शिवतोय.

"काय करायलाव, अप्पा? खालनं वर जायचं असतंय. मानेपासनं. कौलं घालताना कसं करतात?"

"कौलं खालनंच घालत्यात," रुद्रप्पा ओशाळून म्हणाला आणि सगळं उसवायला बसला.

मग जमायला लागलं. पट्टी घ्यायची, वळणावर सैल सोडायची, टीप मारायची, वर सरकायचं. क्लोजरचा तुकडा त्यानं मशीनला दिलाच नाही. अंगुस्तान चढवून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, हातानं एकेक टाका घातला. बोटं टोचून टोचून सुजली, पण तो तुकडा असा बसला की जोड कुठं आहे ते अपेक्षालाही सापडेना. पारव्वा येता जाता नुसती बघायची. एकदा मात्र न मागता चहा आणून ठेवला आणि त्यात आलं होतं. रुद्रप्पाला ते पदकासारखं वाटलं.

टोप पुरा झाला. पारव्वानं तो घेतला, आत गेली, दार लावलं. बाहेर बाप-लेक कान देऊन उभे. आतून आधी काहीच आवाज नाही. मग हसण्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

ती बाहेर आली तेव्हा टोप डोक्यावर होता आणि भुवयांच्या खाली आला होता. कान दिसत नव्हते. मान हलवली की आत डोकं एकीकडं आणि केस दुसरीकडं.

"अप्पा, माप चुकलं काय?" अपेक्षानं विचारलं.

"मापाबरहुकूमच हाय. वर शिलाईला थोडं धरलं, आणि आटायला थोडं."

"आटायला?"

"मग! धुतल्यावर कापड आटतंय की. टॉवेलाला धरतोच आमी."

अपेक्षानं कपाळाला हात लावला. जाळीची टोपी आटत नसते, हे त्या परदेशी बाईनं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. पारव्वानं टोप काढायला पुन्हा आत जाऊन दार लावलं, बाहेर येऊन तो रुद्रप्पाच्या हातात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमी लई केलं. पण आता ऱ्हाऊ द्या. माज्या नशिबात न्हाय मांडवात बसायचं." मग ती गच्चीवर वाळवणाकडं गेली. रडायला गेली होती, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा कामावर गेल्यावर रुद्रप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. तो आयुष्यात पहिल्यांदाच विचारायला बसला होता.

"पारव्वा, आटण मी धरली ती चूक माजी. पण तेवढ्यानं कान झाकत न्हाईत. माप तू पदरावरनं घेतलंस न्हवं?"

ती ज्वारी निवडत राहिली.

"एकदा फडकं सोड. मी माप घेतो. मिनिटाचं काम हाय."

"न्हाय."

"मी काय परका हाय?"

"परका असता तर कवाच सोडलं असतं," पारव्वा म्हणाली.

रुद्रप्पा चक्रावला. "म्हंजे?"

"परक्याला काय हुणार हाय? हुणार ते तुमालाच."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. तिच्या माहेरच्या गावात मोठ्या वाड्यातली एक म्हातारी होती. डोकं तासलेलं, अंगावर लाल लुगडं. लहानपणी पारव्वानं आईला विचारलं, त्या आजीचे केस कुठं गेले? आई घाईत होती, म्हणाली, नवरा गेला की केस जातात. पोरीनं ते तसंच मनात ठेवून दिलं. पुढं मोठी झाली, त्यांच्यातली ती रीत वेगळी, आपल्यातली वेगळी, हे तिला समजलं. पण स्वतःचे केस उशीवर गळून पडायला लागले, तेव्हा पहिलं आठवलं ते तेच. केस तर गेले. आता नवऱ्यानं ते डोकं डोळ्यानं बघितलं की...

तिनं तोंडावर पदर घेतला.

"आपल्यात कुटं हाय असलं काय?" रुद्रप्पा म्हणाला.

"न्हाय, ठाऊक हाय मला. पण भीती काय जात बघून येती व्हय?"

रुद्रप्पाला आधी रागच आला. एवढं मोठं ओझं घेऊन ही बाई एकटी फिरत होती आणि आपण मशीनवर बसून आपल्या टिपेचं कौतुक सांगत होतो. बायको केसांसाठी झुरतेय असं त्याला वाटत होतं, आणि ती बिचारी दिवसरात्र ते फडकं आवळून त्याच्या जिवाची राखण करत होती. असं प्रेम आपल्यावर कुणी करत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

वाद घालून भीती जात नाही, एवढी अक्कल त्याला होती. तो उठला, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि तिच्यापुढं धरला.

"बांद माज्या डोळ्यांवर. तुज्या हातानं बांद. मग तर झालं?"

पारव्वानं टॉवेल घेतला आणि अशी घट्ट गाठ मारली की त्याच्या कानशिलावर वळ उठले असते. बोटं हलवून हलवून त्याला दिसत नाही याची खात्री केली. आणि मग, किती तरी दिवसांनी, फडकं सोडल्याचा आवाज त्यानं ऐकला.

टेपवरचे आकडे दिसणार नव्हते, म्हणून त्यानं दोरा घेतला. डोक्याभोवती फिरवला, जिथं टोक भेटलं तिथं गाठ मारली. दुसरा दोरा कानापासून कानापर्यंत, तिसरा कपाळापासून मानेपर्यंत. काठ कुठं संपतो हे त्याच्या बोटांना डोळ्यांशिवाय कळत होतं. कानामागं बोट लागलं तसं पारव्वाला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली.

"एवढुसं तर डोस्कं हाय तुजं," तो म्हणाला. "आणि मी त्यात आटण धरली."

"आवरा लवकर," ती म्हणाली. पण डोकं मागं घेतलं नाही.

या खेपेला त्यानं जास्तीचं तसूभर कापड धरलं नाही. सगळं उसवून पुन्हा मानेपासून कपाळापर्यंत चढवत नेलं. पारव्वानं दारामागं घालून बघितला आणि आतूनच म्हणाली, "बसतोय." त्या संध्याकाळी तिनं गव्हाची गोड हुग्गी केली. लग्नाला येणार की नाही हे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी इरकल साडी निवडायला बसली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात सनई वाजत होती. अपेक्षा हळद धुऊन शालू नेसायला गेली होती. विहिणीच्या मानाची वेळ झाली, तशी पारव्वानं रुद्रप्पाला खोलीत बोलावून घेतलं आणि आतून कडी लावली. खोलीतला आरसा एवढासा, आणि तोही उंचावर. टोप बसत होता, पण भांग कधी या कानाकडं जायचा तर कधी त्या.

रुद्रप्पानं दारातच डोळे मिटून घेतले होते. चाचपडत तो मागं येऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी टोप बसवला. "बघ आता."

"वाकडा."

त्यानं पुन्हा बसवला.

"वाकडाच हाय."

बाहेरून सुंदरम्माचा आवाज आला. "ओ बीगती! बर्री की लवकर, वेणी सुकायली!" बीगती म्हणजे विहीण, बर्री म्हणजे या. आनंदात आली की ती कानडीवर यायची.

पारव्वानं टोप काढून मांडीवर घेतला. मग मागं हात करून तिनं नवऱ्याचं मनगट धरलं, अगदी घट्ट.

"डोळं उघडा."

"काय?"

"उघडा म्हणते. आंधळ्यानं पाडलेला भांग घिऊन मी पोरीच्या सासूम्होरं जाणार न्हाय."

"आणि ते... तुजं भ्यायचं?"

"भ्यालेलीच हाय मी," पारव्वा म्हणाली. "तरी उघडा."

रुद्रप्पानं डोळे उघडले. ट्यूबलाईटच्या उजेडात त्याच्या बायकोचं डोकं त्याच्यासमोर होतं. लहानसं, गोल, उघडं. टाळूच्या जरा उजवीकडं एक तीळ होता. संसार होत आला तरी तो त्याला ठाऊक नव्हता. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"हितं तीळ हाय तुला."

"असंल." ती वळून त्याच्याकडं बघत होती, डोळ्यांत जीव आणून. "छातीत काय दुखतंय?"

"न्हाय."

"चक्कर?"

"भूक लागलीया. सकाळपासनं एक कप चहावर हाय मी."

पारव्वानं मनगट सोडलं आणि समोर तोंड करून ताठ बसली. "मग बसवा."

त्यानं बसवला. नाकाची रेघ धरून भांग असा सरळ आणला की पट्टी लावून बघावं. अंबाडा तिनं स्वतः घातला, आकडे खोचले, पदर घेतला.

मांडवात सुंदरम्मानं तो पदर मागं सारला. भांगात कुंकू भरलं, वेणी माळली आणि मोठ्यानं म्हणाली, "केस लई दाट हाईत की तुमचं!" बायका हसल्या, कुणी तरी फोटो काढला, बाजूला उभी असलेली अपेक्षा डोळे पुसायला लागली. सारा मांडव वेणीकडं बघत होता. पारव्वा मात्र गर्दीत नवऱ्याला शोधत होती, उभा आहे की नाही ते बघायला. खांबाशेजारून रुद्रप्पानं हात वर करून दाखवला.